साडेसातचा नमस्कार

२ डिसेंबर १९८५, सोमवार

मोहिल्यांनी आज आम्हा चौघा निवेदकांना खोलीत बोलावून चहा पाजला. चंद्रप्रकाश मोहिले हे आमच्या मराठी बातम्यांचे निर्माते. हा माणूस चहा पाजतो तेव्हा पुढे काहीतरी वाईट असतं, एवढं नऊ वर्षांत शिकले आहे. मार्चपासून बातम्या द्यायला चार नाही, तीनच माणसं राहणार. कंत्राटं फेब्रुवारीअखेर संपतात. त्यातलं एक पुन्हा होणार नाही. कोणाचं, ते म्हणे अजून ठरायचंय.

ठरायचं काय त्यात? दोघे पुरुष साहेबांच्या मर्जीतले, त्यांना कोणी हात लावणार नाही. एकाचा आवाज रिकाम्या पिंपातून आल्यासारखा आणि दुसरा कागदात तोंड खुपसून वाचतो, टकलाखेरीज महाराष्ट्राने त्याचं काही पाहिलेलं नाही. उरलो मी आणि ती सुलक्षणा धुरी. गोवंडीची. वडील गिरणीत होते म्हणे. सहा महिने झाले येऊन. परवा एक ओळ चुकली तर कॅमेऱ्यासमोर जीभ चावून "माफ करा हं" म्हणाली. जसं काही हिच्या हातून दूध सांडलं!

मी नऊ वर्षांत एकदाही चुकलेले नाही. कागदावरचं वाक्य एका नजरेत उचलायचं, मान वर करायची आणि थेट कॅमेऱ्यात बघून सांगायचं. हे महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला जमत असेल तर त्याने यावं माझ्यासमोर. सुलक्षणाने फेब्रुवारीपर्यंत हौस भागवून घ्यावी.

७ डिसेंबर, शनिवार

तळमजल्यावरची रत्नप्रभा घाडी जिन्यात भेटली. भेटली म्हणजे दबा धरून बसलेलीच असते. या बाईच्या नवऱ्याची, लवूची, संपात गिरणी गेली. आता तो व्हिडिओ आणि कॅसेटी भाड्याने देतो. भावाच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये राहतात, आणि गॅलरीत सुकट वाळत घालून सगळ्या मुलुंड पूर्वेला कळवतात की आम्ही आलो.

"माणिकताई, तुम्ही बातम्या सांगायला लागलात ना, की आमची पोरं एकदम चिडीचूप! धाकटा तर निमूट जेवतो. म्हणायचं फक्त, बघ हां, त्या बाई बघतायत."

वाचनात वजन असलं की कळतं लोकांना, अगदी असल्या लोकांनासुद्धा. मी मान हलवून पुढे निघाले तर मागून म्हणाली, "आणि तुमच्या सासूबाई! तुम्ही नमस्कार केलात की त्यापण टीव्हीला हात जोडतात. एकदापण चुकत नाहीत. वर आले की बघते ना जिन्यातल्या खिडकीतून."

लाज वाटली. विसाव्या शतकातली पंधराच वर्षं उरली आहेत आणि आमच्या घरातली बाई काचेच्या डब्याला नमस्कार करते. तेही टीव्हीला नाक लावून बसून. रत्नप्रभा हे सगळ्या बिल्डिंगला सांगत असणार.

गंमत म्हणजे मी हे कधी पाहिलेलं नाही. माझी पाळी नसते तेव्हा मी घरी असते, दुसरं कोणीतरी बातम्या देत असतं, आणि आई आपल्या वाती वळत बसतात. हात जोडत नाहीत. माझ्यासमोर लाजत असतील.

१६ डिसेंबर, सोमवार

मी दिवसा शिकवते त्या शाळेतल्या बायकांना आज पुन्हा सांगावं लागलं की मी स्वतःला बातम्या देताना कधीही पाहिलेलं नाही. विश्वासच बसत नाही मठ्ठ बायकांचा. अहो, बातम्या थेट जातात. मी तिथे असते, टीव्ही इथे असतो. स्टुडिओतला संच आमच्याकडे पाठ करून ठेवतात, लक्ष विचलित होऊ नये म्हणून. आणि बातम्या कोणी टेप करून जपून ठेवत नाही, शिळ्या बातमीला विचारतो कोण? एवढ्या लोकांनी मला पाहिलंय, मीच तेवढी राहिले. पण आपण कसे दिसतो हे माणसाला आतून कळतं. मला तरी कळतं.

मोहिल्यांनी आज बाजूला घेतलं. म्हणाले, "माणिकबाई, एक सुचवू? समोर कोणीतरी एक माणूस बसलंय असं धरा. घरचं. त्याला सांगताय असं."

मी म्हटलं, "मी बातम्या देते, अंगाई म्हणत नाही."

ते हसले. मग ड्रॉवरमधून प्रेक्षकांची पत्रं काढून एक वाचलं. सांगलीहून कोणी निवृत्त पोस्टमास्तर लिहितात, या बाई आमच्यावर का रागावतात? आमचं काय चुकलं? माझी तर हसून पुरेवाट झाली. बघा, म्हटलं, कसल्या लोकांसाठी आपण घसा सुकवतो.

मोहिले हसले नाहीत. विनोदबुद्धी असती तर निर्माते कशाला झाले असते.

२९ डिसेंबर, रविवार

भातात पुन्हा खडा. दाढ शिवशिवली. तांदूळ निवडायचं एवढं एक काम आईंकडे आहे आणि तेही धड नाही. आता माझी खात्री पटली आहे की हे मुद्दाम चालतं.

त्यांचा माझा विषय जुना आहे. मी पहिल्या चाचणीला निघाले तेव्हा म्हणाल्या होत्या, "चांगल्या घरातल्या बायका चारचौघांत तोंड दाखवत फिरत नाहीत." मी तेव्हाच ठरवलं, बरं, घरात नाही दाखवणार. तेव्हापासून ताट ठेवते आणि वळते. गोळ्या ठेवते आणि वळते. बोलते ते कपाटाशी नाहीतर भिंतीशी. भांडण नाही, आवाज नाही. श्यामसुंदरना तर पत्ताही नाही. आमचे हे पवईच्या तळ्यावर बगळे मोजायला जातात दर रविवारी. बायको आणि आई यांच्यातलं कुठलं दिसायला!

१९ जानेवारी १९८६, रविवार

रत्नप्रभाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. गेले नसते तर गर्विष्ठ ठरले असते, गेले तर सगळ्या बायका ताठ बसल्या, शाळा तपासायला कोणी आल्यासारख्या. वाण म्हणून प्लास्टिकची गाळणी. बायकांनी सुलक्षणाचा विषय काढला. "ती नवीन मुलगी गोड आहे हो! आपल्या घरातलीच वाटते." हेच तर म्हणते मी. घरातली वाटते म्हणूनच घरात बसावी.

लवू दारात उभा होता. कानाला पेन्सिल, हातात कॅसेट. "वयनी, सव्वीस तारखेक सोसायटीची सत्यनारायणाची पूजा आसा ना, रात्री पिक्चर दाखवतलंव. त्याच्याआधी तुमच्यासाठी एक गंमत आसा. आता सांगूचंय नाय."

मी म्हटलं, बरं. काय असणार याची गंमत? हार घालतील, नारळ देतील आणि माझ्या नावात चूक करतील.

२६ जानेवारी, रविवार

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

पूजा झाली, प्रसाद झाला. अंगणात सतरंज्या, पुढे पोरं, मागे खुर्च्या. मला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, शेजारी आई. लवूने रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ टेबलावर मांडला आणि भाषण केलं. "आमच्या माणिकवयनींका सगळ्यांनी बगल्यानी, पण त्येंनी सोताक कदी बगूक नाय. म्हणान मी शुक्रवारच्यो बातम्यो टेप केलंय. वयनींसाठी." टाळ्या. मी हसून मान झुकवली. खरं सांगायचं तर मी पदर दोनदा सारखा केला. आनंदाने.

पडद्यावर मी आले. साडी छान दिसत होती, ती मोरपिशी. केस बरे. नमस्कार, म्हणाले.

शेजारी हालचाल झाली. आईंनी हात जोडले होते, पडद्यावरच्या मला. खुर्चीतली मी त्यांच्या कोपराला खेटून बसले होते.

मग मी बातम्या द्यायला लागले. पहिलं वाक्य संपलं आणि पडद्यावरच्या त्या बाईचा ओठ उजवीकडून वर गेला. किंचित. नाकाजवळ एक सुरकुती पडली. भाजीत अळी निघाल्यावर पडते ना तशी. मला वाटलं टेपचा दोष. दुसरं वाक्य संपलं. पुन्हा ओठ. कोणी मंत्री कुठल्याशा पुलाचं उद्घाटन करत होते, ठीक आहे, मंत्र्यांना चालतं. मग घाटात एसटी कोसळल्याची बातमी आली. मेलेल्यांचा आकडा सांगून मी मान वर केली, थेट सगळ्या अंगणाकडे बघितलं, आणि ओठ वर.

तेव्हा पुढे बसलेल्या पोरांकडे माझं लक्ष गेलं. ती माझ्याबरोबर ओठ वर करत होती. वाक्य कधी संपणार हे त्यांना बरोबर कळत होतं. सगळ्यांचे ओठ एका वेळी वर, एका वेळी खाली. सराव होता त्यांना. रत्नप्रभाने धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला आणि माझ्याकडे बघून कसंनुसं हसली.

बाकी कोणालाही नवल वाटलेलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने मी ही अशीच. आजवर मीच तेवढी पाहायची राहिले होते, तेही आज झालं.

लवू म्हणाला, "झकास ना वयनी?" त्याच्या तोंडावर लबाडी शोधली. नव्हती. गाढवाला खरंच वाटत होतं की त्याने मला भेट दिली.

पिक्चरला थांबले नाही. वर आल्यावर श्यामसुंदरना विचारलं, "माझा ओठ असा होतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं तू मुद्दाम करतेस."

कोणावर तरी ओरडायला हवं होतं. आई जिना चढून नुकत्याच टेकल्या होत्या. मी भिंतीकडे बघून विचारलं, "त्या खोक्याला काय नमस्कार करता? त्याला काय दिसता तुम्ही?"

"नाही दिसत, ठाऊक आहे मला," आई म्हणाल्या. "मी काय खुळी आहे? पण तिथनं तू माझ्याकडे बघतेस. घरात कधी बघतेस?"

मी आत येऊन पलंगावर बसले आणि रडले. वय काय, चाललंय काय.

१ फेब्रुवारी, शनिवार

लवूच्या मशीनमध्ये दोष आहे असं मी ठरवून पाहिलं. जमलं नाही. आरसा घेऊन बाथरूममध्ये उभी राहते आणि कालचा पेपर वाचते. ओठ दाबून धरला तर रागीट दिसते, सोडला तर वर जातो, हसले तर साबणाच्या जाहिरातीतली होते. एवढासा मांसाचा तुकडा, ऐकत नाही.

सुलक्षणाने आज मेकअपच्या खोलीत विचारलं, "माणिकताई, तुम्ही इतकं लांब वाक्य बघून कसं पाठ करता हो? मला शिकवाल?" म्हटलं, "ते शिकवून येत नाही." ओठ वर गेला असणार. आता मला तो जाताना जाणवतो, हे आणखी वाईट. पोरीचं तोंड उतरलं. काल-परवापर्यंत मला त्याचं बरं वाटलं असतं. आज फारसं वाटलं नाही, एवढंच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मोहिल्यांचे साहेब स्वतः वर काचेमागे बसले होते. यादी या आठवड्यात ठरणार हे सगळ्यांना माहीत. मी ठरवून गेले होते, मोहिले म्हणतात तसं करून दाखवायचं. घरचं एक माणूस समोर बसवायचं. श्यामसुंदरना बसवून पाहिलं, ते लगेच उठून बगळे बघायला गेले. मग आईंना बसवलं. वेताच्या खुर्चीत, मांडीवर कापूस.

दिवा लागला. नमस्कार म्हटलं. त्या हात जोडताना दिसल्या. पहिली बातमी, दुसरी बातमी. ओठ खालीच राहिला, मला आतून कळत होतं. तिसरीला मान वर केली आणि त्यांचा चेहरा आठवायला गेले, तर आठवेना. कुंकू आठवलं, नऊवारीचा काठ आठवला, चेहरा येईना. नऊ वर्षांत पाहिला असता तर आठवला असता. मी शोधत राहिले. कॅमेऱ्याकडे बघत, तोंड उघडं. खाली पाहिलं तर कागदावरची जागा सापडेना. सगळ्या ओळी सारख्या. थेट बातम्यांत मी गप्प. पानं चाळायचा आवाज माइकमध्ये गेला. शेवटी "माफ करा" म्हटलं आणि भलतीच बातमी दिली.

बाहेर आल्यावर सुलक्षणाने पाणी आणून दिलं. ग्लास तिच्या तोंडावर रिकामा करावा असं वाटलं. प्यायले.

घरी आले तर श्यामसुंदर वर्तमानपत्राच्या आड. आई कपाटाकडे तोंड केलेल्या माझ्या पाठीला म्हणाल्या, "आज बरं सांगितलंस."

टोमणा असता तर ओळखला असता. टोमणा नव्हता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मोहिल्यांनी चहा पाजला.

म्हणाले, ते त्या दिवसाचं नाही, साहेबांनी डिसेंबरातच ठरवलं होतं. पत्रं फार येत होती. मी विचारलं, मग दोन महिने मला झुलवलं कशाला? तर म्हणाले, "मी सांगत होतो, माणिकबाई. तुम्ही हसलात." वर शाल देऊ केली, नारळासकट. नारळ आणला. शाल टोचरी होती, तिथेच विसरले.

नऊ वर्षं. खूप वाईट वाटतंय. राग आहेच, साहेब, मोहिले, सांगलीचा पोस्टमास्तर, सगळ्यांचा. पण रागाच्या खाली वाईट वाटतंय आणि ते कोणावर काढता येत नाही.

३ मार्च, सोमवार

शाळेतून येताना बाजारात गेले. बायका बघत होत्या. तीन दिवसांत सगळ्या मुलुंडला कळलंय. भाजीवाली शांताबाई म्हणाली, "बाई, तुम्ही आता टीव्हीत नाय ना?" आणि जुडीभर कोथिंबीर फुकट घातली पिशवीत. कोथिंबिरीएवढी कीव. घेतली, ताजी होती.

साडेसातला टीव्ही लावायचा नाही असं ठरवलं होतं. आईंनी लावला. खुर्ची पुढे ओढून बसल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक.

सुलक्षणा आली. साडी बरी, पदर वाकडा पिनलेला. नमस्कार, म्हणाली. खालून घाड्यांच्या घरातून, समोरच्या बिल्डिंगमधून तोच नमस्कार ऐकू आला. आईंचे हात वातींवरच होते. एक वात पुरी झाली, दुसरी घेतली.

"आज हात नाही जोडलेत?" मी विचारलं.

"तिला? ती कोण माझी?"

दुसऱ्या बातमीला पोरगी अडखळली. मला आनंद झाला, लपवत नाही. "बघा, बघा! लागली वाट! हिच्यासाठी काढलं मला."

"तिकडे काय बघतेस," आई म्हणाल्या. "तू सांग ना."

"काय सांगू?"

"बातम्याच. बाजारात गेली होतीस ना? मी सकाळपासून घरात आहे. मला कोण काय सांगतं?"

मी टीव्हीचा आवाज बंद केला. हात धुतले. स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि मान वर केली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यात कमी, डावा पार दुधाळ झालेला. एका घरात राहते मी या बाईबरोबर.

"हे कधीपासून आई?"

"झाली दोन वर्षं. अडीच. तांदळातले खडे दिसेनासे झाले तेव्हापासून."

"मग मी टीव्हीत कशी दिसायचे तुम्हाला? हा ओठ..."

"कसला ओठ? मला तोंड कुठे धड दिसतंय? नुसता पांढरा उजेड. तू मान वर केलीस की तेवढं कळायचं, बघतेय म्हणून."

मागे सुलक्षणा मुकाट्याने ओठ हलवत होती. श्यामसुंदरनी वर्तमानपत्र खाली केलं होतं. पुन्हा तेच, थेट बातम्यांत गप्प. आई वाट बघत होत्या, मान थोडी पुढे काढून, उजेडाच्या दिशेने.

"नमस्कार," मी म्हटलं.

आईंनी वाती खाली ठेवल्या आणि हात जोडले. "हं," म्हणाल्या. "आता सांग."